डाइव्ह केंद्रचालकांना खुलं पत्र: उथळ पाण्यातला सराव परत सुरू करा

प्रति,
रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकांवर, नवख्या पर्यटकांना पहिली डाइव्ह करवणाऱ्या केंद्रांचे सर्व मालक-चालक,
आणि त्यांना मान्यता देणाऱ्या प्रशिक्षण संस्था

स.न.वि.वि.

हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण आपापसात बोलायचं ते सगळं बोलून झालं आहे. या हंगामाच्या आधी, मी जिथे शिकवते तिथल्या केंद्रांनी मिळून एक निर्णय घेतला: पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्यांचा उथळ पाण्यातला सराव बंद. बोट निघाली की जाता जाता माहिती सांगायची आणि रीफवर पोचलं की थेट उतरवायचं. आम्ही काही इन्स्ट्रक्टरांनी विरोध केला. वेळ परवडत नाही, एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या किनाऱ्यांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांकडून कळतं की तिथे असा निर्णय कोणी घेतलेलासुद्धा नाही, सराव आपोआपच गळून गेला आहे. म्हणून हे पत्र एका गावच्या केंद्रांपुरतं नाही. डिस्कव्हर स्कूबा, ट्राय डाइव्ह, ओळख-डाइव्ह, नाव काहीही असो, जिथे जिथे पाण्याखाली कधीच श्वास न घेतलेल्या माणसाला प्रवाळांवर नेलं जातं, तिथल्या प्रत्येकासाठी आहे.

मी पुढच्या पातळीचे कोर्सही शिकवते, पण माझं मन रमतं ते पहिलटकरांमध्ये. तोंडात रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारं उपकरण) धरून चेहरा पाण्यात घातला की पहिली काही मिनिटं शरीर ऐकत नाही. नाक पाण्यात असताना श्वास घ्यायचा नाही, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. मग हळूहळू श्वास लांब होतो, खांदे सैल पडतात, मास्कमागचे डोळे इकडेतिकडे पाहू लागतात. त्या क्षणापासून माणूस रीफ पाहू शकतो. त्याआधी तो फक्त स्वतःची भीती सांभाळत असतो. कोणाला हा क्षण दहा मिनिटांत सापडतो, कोणाला पाऊण तास लागतो. तो कंबरभर पाण्यात, वाळूच्या तळावर यावा, एवढ्यासाठीच तर सराव असतो.

माझी सगळी तक्रार एका गोष्टीशी येऊन थांबते. नवख्या माणसाची सुरक्षितता आणि प्रवाळांची सुरक्षितता असे दोन वेगळे विषय तुम्ही मानता. एकासाठी विमा आणि सही, दुसऱ्यासाठी भिंतीवर एक पोस्टर. पाण्यात मात्र दोन्ही एकच आहेत. घाबरलेला माणूस पाय झाडतो, हाताला येईल ते धरतो, आणि हाताला येतो तो प्रवाळ. शांत, नीट तरंगणाऱ्या माणसाला काही धरावं लागत नाही.

आता मुद्दे एकेक मांडते.

पहिला श्वासाचा. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबातला पहिला नियम. तुम्ही तो बोटीवर इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगता. ऐकणारा मान डोलावतो. पण का, हे त्याला कळलेलं नसतं. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर फुप्फुसं भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर आली की दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती बुडबुड्यांतून निघून जाते. रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते, आणि रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा मेंदूपर्यंत पोचू शकतो. हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक पृष्ठभागाजवळ पडतो, त्यामुळे उथळ डाइव्ह म्हणजे बिनधोक डाइव्ह हा समज चुकीचा आहे. भरल्या फुप्फुसांनी श्वास रोखून जेमतेम दीड मीटर वर येणंही घातक ठरू शकतं. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की नवखा माणूस नेमकं हेच करतो: श्वास रोखतो आणि वर झेपावतो. मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायचं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर पुन्हा धरून साफ करायचा, या दोन गोष्टी ज्याने उभं राहता येईल अशा पाण्यात करून पाहिल्या आहेत, तो आठ मीटरवर तसं करत नाही. ज्याने त्या फक्त ऐकल्या आहेत, तो करतो. पॅडीसारख्या डाइव्ह-प्रशिक्षण संस्थांच्या नियमांत ओळख-डाइव्हपूर्वी ही कौशल्यं करून घ्यायला सांगितलेलंच आहे. मी काही नवीन मागत नाही.

कानांचंही तसंच. दोन-तीन मीटरवरच दाब जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी आणि वारंवार. ज्यांचे कान सहज सुटत नाहीत त्यांना वेळ द्यावा लागतो, थोडं वर घेऊन पुन्हा खाली न्यावं लागतं. पण मागे पुढच्या तुकडीची बोट उभी असते. मग टँकचा व्हॉल्व्ह धरून त्या माणसाला खाली ओढलं जातं. हे मी पाहिलं आहे, आणि कानाचा पडदा फाटून वर आलेली माणसंही पाहिली आहेत. त्यांतल्या काहींनी त्यानंतर समुद्राचं नाव काढलं नाही.

दुसरा मुद्दा कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनांचा, आणि इथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण रीफचं बहुतेक नुकसान इथून होतं. सराव नसलेला माणूस उथळ उथळ श्वास घेतो, फुप्फुसं भरलेली ठेवतो, त्यामुळे खाली जात नाही. त्यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे कमरेला आणखी वजनं. वजन जास्त झालं की माणूस आडवा राहत नाही. पाय खाली, डोकं वर, असा तो उभा लटकतो. मास्कमुळे त्याला बाजूचं दिसत नाही, आणि पायांपुढे फिन्सची (पोहायला पायांत घालायच्या पात्यांची) आणखी लांबी आहे हे त्याच्या शरीराला अजून माहीत नसतं. प्रत्येक लाथेसरशी फिनचं पातं फांदी-प्रवाळावर आपटतं किंवा वाळू उसळवतं.

फांदी मोडली तर निदान दिसते. वाळूचं नुकसान दिसत नाही. प्रवाळ म्हणजे हजारो पॉलिप, प्रत्येक पॉलिप हा मऊ अंगाचा, तोंडाभोवती शुंडिका असलेला छोटा प्राणी. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. वाळूचा थर बसला की प्रकाश अडतो, आणि पॉलिपला श्लेष्मा सोडून अंग साफ करण्यात शक्ती घालवावी लागते. एकदा झालं तर तो सावरतो. पण रोज त्याच जागी, सकाळपासून दुपारपर्यंत, तुकडीमागून तुकडी येत असेल तर? गोलाकार, घट्ट वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात, कित्येक जाती त्याहून कमी. डोक्याएवढा प्रवाळ अनेक वर्षांचा असतो. फोटोसाठी ज्यावर गुडघे टेकवून बसवलं जातं तो ‘दगड’ बहुधा हाच असतो.

फोटोचा विषय आला आहे तर तोही बोलते. अनेक ठिकाणी डाइव्हचा निम्मा वेळ कॅमेऱ्यासमोर जातो. हात पसरा, अंगठा दाखवा (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’ ही खूण, आणि हे शिकवणारेच तो ‘छान’ म्हणून दाखवायला लावतात), आता या बाजूला वळा. वर आल्यावर पर्यटकाला विचारलं काय पाहिलं, तर तो म्हणतो, मासे होते, खूप होते. थायलंडने २०२५ मध्ये नवख्या डाइव्हरांनी पाण्याखाली कॅमेरा नेण्यावर निर्बंध आणले, कारण कॅमेऱ्यात डोळे घातलेला माणूस आपलं अंग कुठे आहे हे विसरतो. आपण तर त्याला विसरायला लावतो.

खरं तर त्याला दाखवण्यासारखं किती आहे! पाण्यात कान लागले की रीफवर सतत चटचट ऐकू येते, स्नॅपिंग कोळंबीची. पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचं शैवाल खरवडतो, खडक चावतो आणि मागून वाळू सोडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो, आणि शैवाल आटोक्यात ठेवून नव्या प्रवाळ-अळ्यांना बसायला जागा करून देतो. निळा पट्टा असलेला बोटाएवढा क्लीनर रास ठरलेल्या जागी ‘दुकान’ मांडून असतो. मोठाले ग्रूपर तिथे येऊन तोंड उघडून स्तब्ध राहतात, आणि तो त्यांच्या कल्ल्यांतले परजीवी वेचून खातो. क्लाउनफिशच्या कुटुंबात सगळ्यात मोठी मादी असते, ती मेली की तिचा जोडीदार नर हळूहळू मादी होतो. मोरे ईल तोंड उघडते ती चावायला नव्हे, श्वासासाठी. यातलं एक दृश्य जरी एका जागी दोन मिनिटं स्थिर राहून दाखवलं, तरी माणूस पुढे आयुष्यभर ते सांगत राहतो. त्यासाठी लागतो तो शांत श्वास, आणि तो आपण वेळापत्रकातून काढून टाकला आहे.

तिसरा मुद्दा खाऊ घालण्याचा आणि हात लावण्याचा. बाटलीत पाव भरून न्यायचा आणि पर्यटकाभोवती माशांचा गराडा उभा करायचा, हा प्रकार अजून सर्रास चालतो. पाव हे माशांचं अन्न नाही. सार्जंट मेजरसारखे धीट मासे तेवढे जमतात, लाजाळू जाती मागे हटतात, आणि शैवाल खाणारे मासे आयत्या खाण्यावर वळले की त्यांचं कामही मागे पडतं. कासवाला हवेसाठी पृष्ठभागावर यावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या वाटेत माणसं उभी केली जातात. पफरफिशला फुगवून हातात देणं ही तर सरळ छळवणूक आहे. तो फुगतो तो जीव वाचवायला. स्टारफिश उचलून पाण्याबाहेर धरणं, समुद्रकाकडी हातोहात फिरवणं, हेही त्याच माळेतलं.

यात माणसालाही धोका आहे, तो सांगितला जात नाही. फायर कोरल त्वचा भाजल्यासारखी करतं. स्टोनफिश दगडासारखा दिसतो आणि त्याचे पाठीवरचे काटे विषारी असतात. कोन शंख देखणा असतो आणि काही जातींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असेल तर तिच्या घरट्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या शंकूएवढा इलाखा ती आपला मानते, तिथून सुटायचं तर वर न जाता बाजूला पोहायचं असतं. हे सगळं एका वाक्यात मावतं: कशालाही हात लावू नका. पण हे वाक्य सांगणाऱ्याच्याच हातात समुद्रकाकडी असेल तर ऐकणार कोण?

चौथा मुद्दा थोडक्यात. आरोग्याचा फॉर्म ही तुमच्या बचावाची कागदं नाहीत. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, सर्दीने बंद झालेले सायनस, हे प्रश्न आदल्या दिवशी, माणसाच्या भाषेत विचारले गेले पाहिजेत. बोटीवर पोचल्यावर, पैसे भरून झाल्यावर, चार मित्रांसमोर कोणी ‘होय’वर खूण करत नाही. डाइव्हनंतर विमानाचं काय, हेही तेव्हाच सांगायला हवं: एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून अधिक डाइव्ह असतील तर किमान १८ तास विमानप्रवास नको.

नांगराबद्दल तर लिहायचीही लाज वाटते. प्रवाळांवर नांगर टाकू नये हे २०२६ साली सांगावं लागू नये. थायलंडच्या माया बे या खाडीत बोटींनी आणि गर्दीने प्रवाळांची इतकी हानी केली की २०१८ मध्ये ती बंद करावी लागली आणि पर्यटकांसाठी पुन्हा उघडायला २०२२ उजाडलं. बंद असताना तिथे ब्लॅकटिप शार्क परतले. धडा घेण्यासाठी आपलीही जागा बंद पडायची वाट पाहायची का?

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. बैठकीत ते दोन प्रकारे मांडलं गेलं.

एक म्हणजे, रीफ उष्णतेने मरतं आहे, फिनच्या लाथेने काय होणार. उष्णतेचं खरं आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त गरम झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडण्याची, घटना जाहीर झाली. २०२३ पासूनच्या या लाटेत जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त रीफ-क्षेत्राला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसावी लागली. मीही पांढऱ्या पडलेल्या रीफवर माणसं नेली आहेत. पण पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. पाणी निवलं तर तो सावरू शकतो, आणि नेमक्या त्या काळात त्याच्याकडे ना वाळू झटकायची शक्ती असते, ना जखम भरून काढायची. समुद्राचं तापमान तुमच्या हातात नाही. कमरेचं शिसं आहे.

दुसरं म्हणजे, धंदा बसेल. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाचं उदाहरण घ्या. तिथला सागरी राखीव भाग १९७९ पासून आहे. प्रत्येक डाइव्हरला, कितीही अनुभवी असला तरी, आधी नियम समजावून घ्यावे लागतात आणि पहिली डाइव्ह तपासणीची म्हणून करावी लागते. हातमोजे चालत नाहीत, नांगर चालत नाही, बोटी मूरिंग बॉयला (तळाशी कायम बांधलेल्या तरंगत्या बोयाला) बांधतात. जगभरातले डाइव्हर तरीही तिथे जातात, किंबहुना म्हणूनच जातात. २००४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पाठबळावर चालणाऱ्या ‘ग्रीन फिन्स’ने डाइव्ह केंद्रांसाठी आचारसंहिता तयार करून ठेवली आहे. कोरा कागद घेऊन बसायची गरज नाही.

तर मागण्या अशा.

उथळ पाण्यातला सराव या हंगामातच पुन्हा सुरू करा. तळ वाळूचा असावा, उभं राहता यावं, आणि मास्क, रेग्युलेटर, कान आणि शांत श्वास या चार गोष्टी जमल्याशिवाय कोणालाही रीफवर नेऊ नये. वेळेची मर्यादा ठरवू नका, जमणं हीच मर्यादा असू द्या. ज्याला जमलं नाही त्याचे रीफ-डाइव्हचे पैसे परत करा, म्हणजे ‘भरलेत तर जाऊ’ हा दबाव राहणार नाही. पाण्यात कुठल्याही क्षणी, कारण न देता ‘नको’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे उतरण्याआधी त्याला स्पष्ट सांगा.

एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार नवखे, ही पॅडीच्या नियमांतली वरची मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. लाटा किंवा गढूळ पाणी असेल तर दोन. खोली १२ मीटरच्या आत, आणि पहिल्या वेळी त्याहून बरीच कमी. प्रत्येकाचं वजन पाण्यात तपासून ठरवा, सगळ्यांना सारखा पट्टा बांधू नका.

खाऊ घालणं, प्राणी हाताळणं, प्रवाळावर टेकवून फोटो काढणं, तिन्ही बंद. फोटो काढायचाच असेल तर वाळूवर तरंगत, सरावाच्या जागी, तिथे कोणाचंच नुकसान नाही. सनस्क्रीनचे थर देण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे रॅश गार्ड (पाण्यात घालायचे अंगाबरोबरचे शर्ट) द्या. पलाऊने २०२० मध्ये आणि हवाईने २०२१ मध्ये प्रवाळांना घातक मानल्या जाणाऱ्या काही सनस्क्रीन रसायनांवर कायद्याने बंदी घातली आहे.

प्रशिक्षण संस्थांना वेगळं सांगायचं आहे. तुमचे नियम कागदावर चांगले आहेत. पण तपासायला कोणी येत नाही. तुमचं चिन्ह दारावर लावून तुमचेच नियम मोडणाऱ्या केंद्रांची मान्यता स्थगित करा आणि ती यादी लोकांना दिसेल अशी ठेवा. नियम पाळायचा आग्रह धरणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं काम जाऊ नये, यासाठी तक्रारीची गोपनीय वाट द्या. या पत्राखाली माझं नाव नाही, त्याचं कारण ती वाट आज नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, कधीतरी रीफवर जायचं मनात असलेल्या सगळ्यांना: पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. सराव कुठे आणि किती वेळ? माझ्या इन्स्ट्रक्टरकडे किती जण? मधेच नको म्हटलं तर? उत्तरं देताना समोरचा घाई करू लागला, तर दुसरं केंद्र शोधा. पोहता येत नसलं तरी ओळख-डाइव्ह करता येते हे खरं आहे, पण मग सरावाला जास्त वेळ मागा, तो तुमचा हक्क आहे.

हंगामाचे बरेच महिने अजून बाकी आहेत. सर्व केंद्रांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जो काही निर्णय होईल तो लेखी जाहीर करावा, ही विनंती. सरावाचं वेळापत्रक बसवायला मी आणि माझे सहकारी स्वतःचा वेळ द्यायला तयार आहोत.

आपली,
एक डाइव्ह इन्स्ट्रक्टर